पोळ्याचा सैपाक: पदार्थ निवडण्यापासून बैलाच्या पानापर्यंत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अनेक घरांत सारखंच चित्र दिसतं. पुरणाला आंबूस वास सुटलेला असतो, टोपलंभर भजे मऊ पडलेले असतात आणि रांधणारी बाई कंबर धरून बसलेली असते. तिच्या हाताला चव नाही असं मुळीच नसतं. पदार्थ ठरवायचा क्रम उलटा पडलेला असतो. आधी यादी होते: पुरणपोळी, करंज्या, वडे, भजे, दोन भाज्या, कढी, मसालेभात. मग खाणारे किती, रांधणारे हात किती, पाणी कसं आणि धुऱ्यावर (बांधावर) काय उगवलंय, याचा विचार सुरू होतो. तोवर डाळ भिजत पडलेली असते.

खालचा क्रम सरळ आहे: खाणारे, वेळ, रान, एक जड पदार्थ, आणि शेवटी त्याची जोड. निवड याच ओळीने करा. मधली पायरी गाळली की पुढचं सगळं अंदाजावर जातं.

## १. आधी पानं मोजा, बैलांचीही

पोळ्याच्या आठवडाभर आधी एका कागदावर लिहा: घरचे किती, येणारे पाहुणे किती, सालगडी आणि त्याच्या घरचे किती, शेजारी वाटी द्यायची घरं किती, बैल किती. सालगड्याचं पान बऱ्याच घरांत शेवटी आठवतं आणि मग उरलंसुरलं वाढलं जातं. वर्षभर बैलांमागे तो चालतो. पोळ्याला त्याचं पान यादीत सगळ्यांच्या वर असलं पाहिजे.

आता हिशोब. विदर्भातली पुरणपोळी पुरणाने गच्च भरलेली, जाड असते. १ किलो चणाडाळीत अशा मध्यम पोळ्या २८ ते ३० होतात. मोठं माणूस दोन खातं, तिसरी क्वचितच. दहा माणसांना २०, सालगड्याच्या घरी ४, शेजारी २, निवदाला २, दोन बैलांना एकेक. झाल्या ३०. म्हणजे एवढ्या घराला १ किलो डाळ पुरते. तरी "कमी पडायला नको" म्हणून दोन किलो भिजवली जाते आणि मग करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पुरण फेकायची पाळी येते.

त्याच दहा माणसांसाठी बाकीचा अंदाज असा:

- गूळ ८०० ग्रॅम ते १ किलो, कणीक ६०० ते ७०० ग्रॅम
- तूप अर्धा किलो (आपल्याकडे पोळीवर तूप ओततात, शिंपडत नाहीत)
- कढीला २ लिटर ताक आणि अर्धी ते पाऊण वाटी बेसन
- भज्यांना अर्धा किलो बेसन
- तांदूळ अर्धा किलो

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे भाताशिवाय जेवण झालं असं वाटतच नाही. तिथे तांदूळ दुप्पट धरा आणि पोळ्या माणशी दीड.

तपासा: कागदावर प्रत्येक बैलापुढे एकच पोळी लिहिली आहे ना? जास्त लिहिली असेल तर खोडा. कारण नवव्या टप्प्यात येईल.

बैल नसलेल्या घरांनी, म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांनी आणि भूमिहीनांनी, मातीच्या बैलजोडीला निवद दाखवायचा असतो. त्यांनी हाच हिशोब करावा, फक्त बैलांची ओळ काढून टाकावी. चार माणसांच्या घरात साडेतीनशे ग्रॅमच्या वर डाळ घेऊ नये.

## २. जेवण किती वाजता होणार ते ठरवा

हे कोणी विचारत नाही, आणि निम्मा घोटाळा इथेच होतो. सकाळी बैल धुणं, मग शिंगं रंगवणं, झूल-बाशिंग. चारच्या पुढे तोरणाखाली पोळा भरतो, झडत्या (पोळ्याची गाणी) होतात, दिवस कलला की पोळा फुटतो. बैल मारुतीला जाऊन येतात, दारोदार फिरतात आणि मग घरी पूजा. पहिली पंगत बसेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात.

म्हणजे सकाळी अकराला तळलेला पदार्थ नऊ तास दमट हवेत पडून राहणार. त्यामुळे पदार्थांचे तीन वाटे करा.

आदल्या दिवशी होणारे: करंज्या, भरडा दळून ठेवणं, चटणी, गूळ चिरणं.

सकाळी होऊन संध्याकाळपर्यंत टिकणारे: पुरण, अंबाडीची भाजी, पोळ्या (घडी न घालता, सुती कपड्यावर पसरून).

ऐनवेळीच करायचे: भजे, वडे, भात, कोशिंबीर, कढीची फोडणी.

यादीत ऐनवेळीचे पदार्थ चारपेक्षा जास्त झाले तर एक काढा. एका चुलीवर आणि एका शेगडीवर तेवढंच जमतं. घरात कामाचा हात एकच असेल तर दोनच ठेवा. पोळ्याच्या दिवसांत निंदण जोरात असतं. दिवसभर रानात वाकलेल्या बाईने रात्री नऊ पदार्थ करावेत ही अपेक्षाच चुकीची आहे. पदार्थ कमी केल्याने सण उणा होत नाही.

## ३. धुऱ्यावर आणि परसात काय आहे ते पाहून या

चार दिवस आधी टोपलं घेऊन रानात जा. पोळा श्रावणी अमावस्येला येतो, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही. दोन्हींत रान सारखं नसतं. पोळा लवकर आला तर अंबाडी कोवळी मिळते, कोहळं (लाल भोपळा) मात्र अजून कच्चं असतं. उशिरा आला तर कोहळं तयार होत आलेलं असतं आणि अंबाडीचे देठ निबर होतात. गेल्या वर्षीचीच यादी पुढे चालवू नका, ती याच कारणाने फसते.

या दिवसांत आपल्याकडे हमखास मिळणाऱ्या गोष्टी:

अंबाडी. पोळ्याच्या पानातली माझ्या मते सगळ्यात मोलाची भाजी. पुरणाच्या गोडाला तिच्या आंबटपणाइतकं कोणीच पेलत नाही. पानं उकळून पाणी पिळून टाकायचं, म्हणजे आंबटपणा बेताचा राहतो. मग शिजलेली तूरडाळ किंवा ज्वारीच्या कण्या घालून घोटायची आणि वरून लसणाची फोडणी द्यायची.

धोपा, म्हणजे अळू. वडीला किंवा भज्यांना. काळसर देठाची पानं घ्या आणि चिंचेचा कोळ सढळ हाताने घाला, नाहीतर घसा खाजतो. पाहुण्यांत लहान मुलं असतील तर आदल्या दिवशी एक वडी घरातल्या मोठ्या माणसाने खाऊन पाहावी.

बरबटीच्या (चवळीच्या) शेंगा, दोडके, काकडी, भेंडी. यांतली एकच सुकी भाजी पुरे.

कटुले, म्हणजे करटोली. जंगलालगतच्या गावांत स्वस्त, बाजारात महाग. वीस पानांना पुरतील एवढे विकत घेण्यात अर्थ नाही. थोडे मिळाले तर निवदाच्या पानावर चार फोडी ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाढा.

ओव्याची पानं. परसात एक झाड असलं की कांद्याविना भज्यांचा प्रश्न सुटतो.

रानातल्या अळंब्या या पंगतीत घेऊ नका. ज्या घरात त्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखून खातात त्यांनी घरच्यापुरत्या कराव्यात. पाहुण्यांच्या पानात नको.

जपा, ही सूचना सगळ्यांत महत्त्वाची: हेच दिवस कपाशीच्या फवारणीचे असतात. अंबाडी आणि बरबटी बहुधा कपाशीच्या तासात किंवा धुऱ्यालाच असते. फवारलेल्या पट्ट्यातली भाजी धुऊन चालत नाही. कपाशीवरची बरीच औषधं झाडाच्या आत शिरतात, ती पाण्याने निघत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेही याच हंगामात. रान कोणी, कधी, काय फवारलं हे विचारल्याशिवाय एकही पान खुडू नका. धुऱ्यावर तणनाशक मारलं असेल तर तिथली रानभाजी पूर्ण सोडा. खात्री नसेल तर परसातला दोडका बरा.

## ४. एकच जड पदार्थ ठरवा

पुरणपोळी असेल तर करंज्या नको. करंज्या असतील तर पोळी निवदापुरती. दोन्ही पुरेशा प्रमाणात करायला गेलं की दोन्ही बिघडतात. खाणाराही एकच पोटभर खातो, दुसरं उष्टं पडतं.

पुरणपोळी निवडण्याआधी तीन प्रश्न विचारा.

पाणी कसं आहे? अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. कुकरच्या दहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटाखाली टणकच लागतो. तिथे पुरणाच्या डाळीसाठी नळयोजनेचं, फिल्टरचं किंवा पावसाचं धरलेलं स्वच्छ पाणी आधीच बाजूला काढावं लागतं. भिजवायलाही तेच. ५ लिटर पुरतं.

लाटायला हात किती? तीस पोळ्या एकटीने लाटून भाजायला अडीच ते तीन तास लागतात. एक लाटणारी, एक भाजणारी असेल तर दीड तासात होतात.

घरात साखरेचा आजार किती जणांना आहे? दोघांना असेल तर त्यांच्यापुरती चार पुरणपोळ्यांची डाळ कमी करा आणि भाकर, अंबाडी, कढी यांचं पान तितक्याच मानाने वाढा. "सणाचं एक दिवस चालतं" असं म्हणून आग्रह करू नका.

तिन्ही उत्तरं नीट नसतील तर निवदाला चार-पाच पोळ्या करा आणि पंगतीला दुसरं गोड ठेवा. कोहळं तयार असेल तर त्याचे बोंडं: कोहळं किसून गुळात शिजवायचं, निवलं की मावेल तेवढी कणीक, जराशी वेलची, आणि मंद आचेवर तळायचे. दहा माणसांना १ किलो कोहळं पुरतं. कोहळं नसेल तर गव्हाची खीर. ती सकाळी शिजवून ठेवता येते आणि एका माणसाचं काम आहे. मात्र तिच्यात दूध वाढतानाच घाला, आधी नाही.

## ५. जोड निवडताना पानातली जागा पाहा

गोड आणि जड एक पदार्थ ठरला. आता त्याच्या भोवती आंबट, तिखट, कुरकुरीत आणि ताजं हिरवं हवं. प्रत्येकाला एकच जागा आहे. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे एकाच जागेवर तीन पदार्थ बसवणं: वडे, भजे, कुरडया तिन्ही तळलेले, आणि आंबट काहीच नाही. असं पान दोन घासांत नकोसं होतं.

आंबटाला कढी किंवा अंबाडी. दोन्ही ठेवल्या तरी चालतं, पण मग कढी बेताची आंबट हवी. कटाचं सार करणार असाल तर कढी सोडा. त्या दिवशी पातळ पदार्थ एकच बरा, आणि कट दुसऱ्या दिवशीही वापरता येतो.

कुरकुरीताला भजे किंवा भरड्याचे वडे. वडे निवडलेत तर चणाडाळ दोन वाट्या, उडीदडाळ एक, मूगडाळ अर्धी अशा मापाने जाडसर दळा. डाळी धुऊन वाळवायला ऊन लागतं. पावसाची झड लागली असेल तर वडे सोडून सरळ भजे करा. ओलसर डाळ चक्कीत अडकते आणि पीठ दोन दिवसांत कुबट होतं.

तिखटाला हिरव्या मिरचीचा ठेचा किंवा जवसाची चटणी पुरे. तर्रीचा रस्सा पोळ्याच्या पानात मला पटत नाही. पुरणाशी त्याचं जमत नाही, आणि करीच्या दिवसासाठी काही राहिलं पाहिजे.

ताज्याला काकडीची कोशिंबीर. मीठ वाढताना.

बस, एवढंच. मसालेभात, पनीर, पुलाव, लग्नात पाहिलेली शाही भाजी यांना पोळ्याच्या पानात जागा नाही. साधा भात, त्यावर वरण आणि तूप.

तपासा: यादी वाचून प्रत्येक पदार्थापुढे कोण करणार त्याचं नाव लिहा. एकाच बाईचं नाव चारदा आलं तर एक पदार्थ काढा किंवा घरातल्या पुरुषाला द्या. गूळ चिरणं, ताक घुसळणं, कोहळं किसणं, भजे तळणं ही कामं कोणालाही येतात.

## ६. आदले तीन दिवस

तीन दिवस आधी चणाडाळ परातीत पसरून निवडा. पावसाळ्यात डाळीला भोकं आणि कीड सापडतेच. जुनी डाळ शिजायला वेळ घेते, म्हणून शक्यतो यंदाच्या हरभऱ्याची वापरा.

गहू दळायला दोन दिवस आधीच न्या. आदल्या दिवशी चक्कीवर रांग लागते आणि त्यातच वीज गेली तर सगळं अडतं. पीठ बारीक हवं, घरी पुन्हा मैद्याच्या चाळणीने चाळा.

गॅसची टाकी उचलून पाहा. सरपण ओलं असेल तर चार दिवसांचं चुलीजवळ रचा.

पितळी गंज (पातेलं) किंवा कढई वापरणार असाल तर कल्हई आहे का ते पाहा. कल्हई उडालेल्या भांड्यात कढी आणि अंबाडी कळकते. चव बिघडते आणि पोटही. आंबट पदार्थ स्टीलमध्येच करा.

आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. हळद-तुपाने बैलांचे खांदे शेकले की "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून त्यांना बोलावणं होतं. त्याच वेळी सालगड्याला आणि शेजारच्यांनाही नीट आवतन द्या. कोण येणार ते त्या रात्रीच कळलं की सकाळी मापं बदलता येतात.

## ७. पुरण: इथे घाई नाही

सबंध सैपाकात सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात, म्हणून जरा लांबण लावते.

भिजवणं. कोमट पाण्यात तासभर, फार तर दोन. रात्रभर भिजवलेली डाळ पावसाळी हवेत फसफसते आणि पुरण लवकर आंबतं.

शिजवणं. डाळीच्या तिप्पट पाणी, चमचाभर तेल, चिमूट हळद. वायगावची हळद घरात असेल तर चिमटीतच रंग येतो. कुकरला चार-पाच शिट्ट्या, मग मंद आच दहा मिनिटं.

तपासा: पाच-सहा दाणे वेगवेगळ्या जागचे घ्या आणि बोटांत दाबा. सगळे लोण्यासारखे दबले पाहिजेत. एकाच्या पोटात जरी कणी लागली तरी पुन्हा शिजवा. गूळ घातल्यावर डाळ पुढे शिजत नाही. "गुळासंगं होईल मऊ" हा समज सोडून द्या. तशी कणी पोळी लाटताना कणीक फाडते.

सोडा घालू नका. डाळ गळते, कट बुळबुळीत होतो, वास येतो.

निथळणं. चाळणीवर वीस मिनिटं. हे टाळलं की पुरण पातळ होतं आणि मग ते आटवता आटवता तळाला लागतं. खालचा कट झाकून ठेवा.

गूळ. चिरलेला गूळ घालून जाड बुडाच्या कढईत सतत हलवा. आधी पातळ होईल, घाबरू नका. उलथनं मधोमध उभं केल्यावर पडलं नाही की झालं. वेलची-जायफळ आच बंद केल्यावर.

वाटणं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. मिक्सरवर विसंबू नका, त्या दिवशी वीज जाते. यंत्राची बारीक जाळी आदल्या दिवशीच शोधून धुऊन ठेवा.

पुरण पातळ झालं तर परत पसरट कढईत आटवा. बेसन किंवा कणीक मिसळू नका, कच्चट लागतं. फार कोरडं झालं तर चमचाभर कट शिंपडा. दूध घातलं तर ते त्याच रात्री संपवावं लागेल.

कणीक. पुरणाइतकीच मऊ, किंवा थोडी अधिक. मीठ चिमूटभर. भिजवून वरून तेल लावून दोन तास झाका. लिंबाएवढा गोळा ओढला तर तुटण्याआधी वीतभर ताणला पाहिजे. पुरण कणकेच्या दुप्पट भरायचं. पुरण कणकेपेक्षा घट्ट असेल तर पोळी कडेला फुटते, सैल असेल तर मधे. दोन्हींचा घट्टपणा सारखा आला की लाटणं सोपं होतं.

तवा मध्यम तापलेला. पोळी एकदाच उलटा, फार तर दोनदा. तूप पोळी उतरल्यावर.

## ८. पोळ्याच्या दिवशीचा क्रम

सकाळी सहाला डाळ भिजवा. सातला अंबाडी उकळत ठेवा. आठला डाळ चुलीवर आणि कणीक भिजवलेली. दहापर्यंत पुरण वाटून झालं पाहिजे. अकरा ते एक पोळ्या. त्यानंतर दोन तास चूल बंद ठेवून जेवा आणि पडा. मधल्या वेळी घरच्यांना भाकर आणि अंबाडी.

चारला ताक घुसळून बेसन कालवा. कढी चुलीवर चढली की पहिली उकळी येईपर्यंत ढवळणं थांबवू नका, आणि मीठ शेवटी. नाहीतर ती फुटते. साडेपाचला निवदाचे भजे, कांदा-लसूण न घालता, ओव्याच्या पानांचे. याच वेळी निवदाचं पान बांधा. पंगतीचे भजे मात्र बैल घरी आल्याचा आवाज आल्यावरच तळायला घ्या. भातही तेव्हाच.

जपा: तळणाच्या कढईभोवती पोरं नकोत. त्या संध्याकाळी घरात धावपळ असते. कढई जमिनीवरच्या चुलीवर असेल तर एका मोठ्या माणसाने तिथून हलू नये.

## ९. निवद आणि बैलांचं पान

पूजेच्या ताटात सगळं थोडं थोडं ठेवा. बैलासमोर मात्र तेच ताट धरू नका.

बैलाच्या पोटाला धान्याची आणि गोडाची एकदम सवय नसते. ज्वारी, कणीक, पुरण अचानक जास्त गेलं की पोटात आम्ल वाढतं. रवंथ थांबतो, डावी कूस फुगते, शेण पातळ होतं आणि जनावर बसून राहतं. वेळेत उपचार झाला नाही तर बैल दगावतोही. एका घरी खाल्लेल्या एका पोळीने हे होत नाही. पोळा फुटल्यावर बैल दहा दारांत जातो, आणि प्रत्येक दारात माउली प्रेमाने एक पोळी आणि ओंजळभर ठोंबरा (शिजवलेली ज्वारी) पुढे करते. दहा घरांचं मिळून परातभर होतं. एका दारी हे लक्षात येत नाही.

म्हणून असं करा:

१. सकाळी बैलांना नेहमीचा चारा आणि पाणी पोटभर द्या. उपाशी बैल पुढे केलेलं अधाशासारखं गिळतो.

२. ठोंबरा घरचाच, बैलामागे दोन ओंजळी. कच्ची ज्वारी किंवा पिठाचे गोळे नको.

३. पुरणाची पोळी एकच, घरच्या पूजेला, तूप न ओतता. तळलेलं काही नको.

४. दारी येणाऱ्या दुसऱ्यांच्या बैलांसाठी सुपात कोवळ्या गवताची मूठ ठेवा आणि पोळीचा बोटभर तुकडा. मान तेवढाच होतो. गल्लीतल्या बायकांनी आदल्या दिवशी मिळून हे ठरवलं तर कोणालाच वाईट वाटत नाही.

५. बैल घेऊन फिरणाऱ्या माणसाला बोजाऱ्यासोबत (पोळ्याच्या मानाच्या पैशांसोबत) पोळी द्यायची तर त्याच्या हातात द्या, बैलाच्या तोंडात नको.

द्रोण-पत्रावळी पळसाच्या घ्या. प्लास्टिकचं ताट बैल पोळीसकट चघळतो.

## १०. उरलेलं आणि करीचा दिवस

कढी, कोशिंबीर आणि भात त्याच रात्री संपवा. अंबाडी दुसऱ्या दिवशी भाकरीशी अधिक चांगली लागते. पुरण उरलं तर झाकण लावण्याआधी पूर्ण निववा. फ्रिज असेल तर दोन दिवस ठेवा, नसेल तर सकाळीच त्याचे कडबू तळा. पोळ्या मंद तव्यावर कोरड्या कडक भाजल्या की दोन दिवस राहतात. कटाचं सार करायचं असेल तर कट रात्री एकदा उकळून ठेवा. सकाळी फेस दिसला की टाकून द्या.

करीला ज्या घरांत मटण होतं त्यांनी ते पोळ्याच्या दिवशी आणून ठेवू नये. वीज गेली तर फ्रिजचा उपयोग नाही. सकाळी ताजं आणा. भाकरीला ज्वारीचं पीठ मात्र गव्हासोबतच दळून ठेवलेलं असू द्या.

उरलेल्या पोळ्या, आंबलेलं पुरण, शिळा ठोंबरा गव्हाणीत टाकू नका. ते उकिरड्यावर मातीखाली गाडा. करीच्या सकाळी गोठ्यात जाऊन प्रत्येक बैल रवंथ करतोय का ते पाहा आणि डाव्या कुशीवर हात ठेवा. कूस ताठ लागली, बैल दात खात असेल किंवा चाऱ्याला तोंड लावत नसेल तर घरगुती काढे पाजत बसू नका. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरतं पथक मागवा. काल किती आणि काय खाल्लं ते त्यांना खरं सांगा. शेजारच्यांच्या दारी काय मिळालं तेही विचारून सांगा.